सरकारी कागद शोधायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात येणारा माणूस बहुधा एकाच वाक्याने सुरुवात करतो : "एक जीआर पाहिजे होता." मग हळूहळू कळतं की त्याला जीआर, म्हणजे शासन निर्णय, नकोच आहे. हवा असतो तो नियम, नाहीतर राजपत्रातली अधिसूचना, नाहीतर आजोबांच्या नावाची एखादी जुनी नोंद. या कामात वर्षानुवर्षं जे प्रश्न कानावर आले, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. भर महाराष्ट्रावर आहे. गोव्यातल्या आणि परदेशातल्या वाचकांचे प्रश्नही घेतले आहेत.

शोधायला सुरुवात कुठून करायची?

विषयापासून करू नका, कागद काढणाऱ्या कार्यालयापासून करा. सरकारी दप्तर विषयवार लावलेलं नसतं. ते विभाग, कार्यासन (विभागातली शाखा), वर्ष आणि क्रमांक या क्रमाने लावलेलं असतं. "आमच्या शिवारातल्या रस्त्याबद्दलचा कागद" अशा नावाने तो कुठेही मिळणार नाही. तो महसूल विभागाचा आहे की ग्रामविकासचा की रोजगार हमीचा, एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

म्हणून आधी एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा. हा निर्णय कुणी घेतला असेल? साधारण कुठल्या सालात? तेव्हा त्या कार्यालयाचं नाव काय होतं? आणि त्याच्या प्रती कुणाकुणाला गेल्या असतील? चौथा प्रश्न लोक विसरतात आणि अडचणीत उपयोगी पडतो तो नेमका तोच. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी "प्रत" या शब्दाखाली लांब यादी असते : राज्यपालांचे सचिव, महालेखापाल, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सर्वांत शेवटी निवडनस्ती, म्हणजे त्याच कार्यासनाची फाइल. म्हणजे तो कागद एकाच ठिकाणी नसून निदान डझनभर कार्यालयांत आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य फायली गेल्या. पण जे आदेश त्याआधी जिल्ह्यांना रवाना झाले होते, त्यांच्या प्रती जिल्ह्यांच्या दप्तरांत होत्या. मूळ नस्ती (फाइल) हरवली म्हणजे कागद संपला, असं समजू नका.

जीआरचा क्रमांक माहीत नाही, फक्त विषय ठाऊक आहे. कसा शोधू?

महाराष्ट्र शासनाच्या मुख्य संकेतस्थळावर "शासन निर्णय" असा स्वतंत्र विभाग आहे. तिथे विभागाचं नाव, तारखेचा कालावधी, मुख्य शब्द किंवा सांकेतांक क्रमांक यांवरून शोधता येतं. बहुतेक जण मुख्य शब्दाच्या चौकटीत आपल्या बोलीतला शब्द टाकतात आणि हात हलवत परत येतात. सरकारची भाषा वेगळी आहे. आपण "विधवा पेन्शन" म्हणतो, जीआरमध्ये "संजय गांधी निराधार अनुदान योजना" असतं. आपण "वडिलांच्या जागेवर नोकरी" म्हणतो, तिथे "अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती" असतं. पगारवाढीला "वेतनश्रेणी सुधारणा" म्हणतात. त्या विषयावरचा कुठलाही एक जीआर मिळवा, त्याचं शीर्षक नीट वाचा आणि त्यातले शब्द उचलून पुन्हा शोधा.

तरीही मिळाला नाही तर मुख्य शब्दाची चौकट रिकामी ठेवा. फक्त विभाग आणि दोन-तीन महिन्यांचा कालावधी निवडा आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचा. कंटाळवाणं आहे, पण मी सर्वांत जास्त जीआर याच रीतीने शोधून दिले आहेत. शीर्षकात एखादी वेलांटी चुकलेली असली तरी शोधयंत्राला तो शब्द दिसत नाही, माणसाला दिसतो. जुन्या जीआरांची आणखी एक अडचण आहे. त्यांतले कित्येक युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले किंवा थेट स्कॅन केलेले आहेत. त्यामुळे गूगलवर मराठीत शोधलं तर त्यांचा मजकूर लागत नाही. गूगलमध्ये नाही म्हणजे नाहीच, असं मानू नका.

व्हॉट्सॲपवर आलेला जीआर खरा आहे का, कसं ओळखायचं?

शेवटचं पान बघा. अलीकडच्या जीआरच्या शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं वाक्य आणि लांबलचक सांकेतांक असतो. सांकेतांकाचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. ते जीआरच्या तारखेशी ताडून पाहा. मग तोच सांकेतांक संकेतस्थळावर टाका. तिथे तोच कागद उघडला तर तो खरा. फक्त शिक्का, सही आणि राजमुद्रा पाहून विश्वास ठेवू नका, ती चित्रं कुणीही चिकटवू शकतो. सांकेतांकाचा भाग कापून पाठवलेला फोटो आला तर मी तो पुढे पाठवत नाही, तुम्हीही पाठवू नका. अशा एका कागदाच्या भरवशावर माणसं तहसीलला खेपा घालतात, एका दिवसाची मजुरी बुडवतात.

जीआर सापडला. पण तो आजही लागू आहे का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, खरं तर तो प्रत्येकाने विचारायला हवा. एका विषयावर पंचवीस वर्षांत दहा जीआर निघालेले असू शकतात. नवा जीआर जुन्याला कधी पूर्ण अधिक्रमित करतो, म्हणजे त्याची जागा घेतो, कधी त्यातला एखादाच परिच्छेद बदलतो. शुद्धिपत्रक वेगळंच निघतं.

याची किल्ली जीआरच्या डोक्यावरच असते. विभागाचं नाव आणि तारीख यांच्याखाली "वाचा" किंवा "संदर्भ" असा शब्द आणि त्यापुढे आधीच्या निर्णयांची क्रमवार यादी असते. ती यादी म्हणजे त्या विषयाची वंशावळ. तुमच्याकडे सर्वांत नवा जीआर असेल तर त्या यादीवरून मागे मागे जाता येतं. जुना असेल तर उलट करा : त्याच विभागात त्यानंतरच्या तारखांचे, त्याच विषयाचे जीआर उघडा आणि त्यांच्या "वाचा"मध्ये तुमच्या जीआरचा क्रमांक आला आहे का ते बघा. आला असेल तर पुढचा मजकूर अक्षर न् अक्षर वाचा. "अधिक्रमित करण्यात येत आहे" हे शब्द दिसले की तुमचा कागद इतिहासजमा झाला.

जीआर, परिपत्रक, अधिसूचना, नियम, अधिनियम : यांत फरक काय?

थोडक्यात सांगायचं तर अधिनियम विधिमंडळ करतं. त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार नियम करतं आणि ते राजपत्रात अधिसूचनेने प्रसिद्ध करतं. शासन निर्णय हा सरकारचा प्रशासकीय निर्णय. परिपत्रक म्हणजे खालच्या कार्यालयांना दिलेली सूचना किंवा खुलासा. जीआर नियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही आणि नियम अधिनियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाहीत. कार्यालयात कुणी जीआर दाखवून "होत नाही" म्हणालं, तर त्यामागचा नियम आणि अधिनियम मागून बघा.

राजपत्र आणि गॅझेटिअर एकच ना?

नाही. २०२५ साली बातम्यांमधून "गॅझेट" हा शब्द घराघरांत पोचला आणि त्याबरोबर हा गोंधळही.

राजपत्र म्हणजे गॅझेट. ते सरकारचं अधिकृत प्रसिद्धीपत्र, नियमितपणे निघणारं. महाराष्ट्र शासन राजपत्राचे भाग आहेत. राज्य शासनाने केंद्रीय अधिनियमांखाली केलेले नियम व आदेश भाग चार-अ मध्ये येतात आणि महाराष्ट्राच्या अधिनियमांखालचे भाग चार-ब मध्ये. नाव बदलल्याच्या जाहिराती भाग दोनमध्ये येतात. विभागीय पुरवण्या वेगळ्या असतात. छपाई आणि विक्री शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाकडे आहे, कार्यालय मुंबईत चर्नी रोडला. आता राजपत्र ऑनलाइनही मिळतं. केंद्राच्या भारताच्या राजपत्राचं संकेतस्थळ वेगळं आहे.

गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची दर्शनिका : भूगोल, इतिहास, जाती-जमाती, शेती, व्यापार, देवळं, जत्रा यांचा एकत्र ग्रंथ. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालचे मुंबई इलाख्याचे खंड १८७७ पासून निघू लागले. खानदेशचा बारावा खंड १८८० चा, नाशिकचा सोळावा १८८३ चा. पुण्याचा अठरावा खंड तीन भागांत १८८५ साली आला. हे खंड इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात. स्वातंत्र्यानंतरच्या जिल्हा गॅझेटिअरांची आवृत्ती राज्याच्या दर्शनिका विभागाने काढली आणि तीही बऱ्याच अंशी ऑनलाइन आहे.

व्यवहारातला फरक असा : राजपत्रात छापलेल्या मजकुराला कायदेशीर वजन असतं. गॅझेटिअर हा माहितीचा ग्रंथ असतो. तो समाजाची नोंद देतो, तुमच्या खापरपणजोबांची नाही.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी राजपत्रात नाव बदललं होतं. प्रत हरवली. आता?

ऑनलाइन संग्रहात वर्ष, भाग दोन आणि तुमचा महसुली विभाग (पुणे, नाशिक, कोकण असा) निवडून त्या आठवड्याचा अंक शोधा. साल नक्की आठवत नसेल तर नाव बदलल्यानंतर ज्या कागदावर प्रथम नवं नाव आलं (बँकेचं पासबुक, पॅनकार्ड, नोकरीचं सेवापुस्तक) त्याची तारीख बघा आणि तिथून मागे सहा महिन्यांचे अंक चाळा. ऑनलाइन नसेल तर चर्नी रोडचं कार्यालय किंवा राजपत्राचे अंक बांधून ठेवणारं मोठं ग्रंथालय.

कायद्याचं नाव टाकलं तर काहीच सापडत नाही. का?

बहुतेक वेळा नावच बदललेलं असतं. कितीतरी कायद्यांच्या नावात पूर्वी "मुंबई" होतं, ते पुढे कायदा करून "महाराष्ट्र" केलं गेलं. मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम झाला. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ आणि मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ यांचंही तसंच. जुने निकाल, जुनी पुस्तकं, जुने जीआर सगळे जुन्या नावाने आहेत, तेव्हा दोन्ही नावांनी शोधा. राज्याचे अधिनियम विधि व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत आणि इंग्रजीत मिळतात. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे इंडिया कोड या संकेतस्थळावर असतात.

गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांचंही हेच. अलिबागचे जुने कागद रायगडखाली नव्हे, कुलाब्याखाली आहेत. धाराशिवचे उस्मानाबादखाली, अहिल्यानगरचे अहमदनगरखाली. आणि इंग्रजी स्पेलिंग? "ठाणे" शोधायचं असेल तर इंग्रजांच्या कागदांत ते "ठाना" म्हणून लिहिलेलं असतं. शोधण्याआधी आपल्या तालुक्याच्या नावाची सगळी जुनी रूपं लिहून काढा.

१९६० च्या आधीचा कागद हवा आहे. महाराष्ट्र तर तेव्हा नव्हताच.

बरोबर. म्हणून आधी विचारा : त्या साली माझा गाव कुठल्या राज्यात होता? या एका प्रश्नाने कित्येकांच्या वर्षभराच्या खेपा वाचल्या असत्या.

पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशचा मोठा भाग मुंबई इलाख्यात होता. त्याचे कागद मुंबईच्या आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या जतनालयात, शोधावे लागतात. बेळगाव, धारवाड, विजापूरही १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते. त्यामुळे सीमाभागातल्या मराठी माणसाला जुन्या कागदासाठी बंगळूरऐवजी मुंबई-पुणे गाठावं लागतं. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मग जुन्या मध्य प्रदेशात होता. राजधानी नागपूरच, पण राजपत्र त्या प्रांताचं. मराठवाडा त्याच तारखेपर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राजपत्राला "जरीदा" म्हणत. तिथलं दप्तर फारसी आणि उर्दूत आहे, आणि त्याचा फार मोठा साठा हैदराबादला तारनाक्यावरच्या तेलंगण राज्य पुराभिलेखागारात आहे.

संस्थानांचं आणखी वेगळं. कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी तिथे करवीर सरकारचं स्वतःचं गॅझेट निघे. शाहू महाराजांचा मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम याच गॅझेटात आहे. तो मुंबईच्या राजपत्रात शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही. बडोद्याची "आज्ञापत्रिका" होती. सातारा, सांगली, मिरज, औंध, भोर, सावंतवाडी यांच्यासाठीही आधी तिथे कुणाचं राज्य होतं ते बघा, मग त्या संस्थानाचं दप्तर पुढे कुठे गेलं ते.

कालगणनाही सांभाळा. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन येतं. निजामाच्या मुलखातल्या फसली सालात ५९० मिळवायचे : १३५६ फसली म्हणजे १९४६-४७. पेशवाईतल्या सुहूर सनात ५९९. वर्ष मधेच उलटतं, म्हणून एक साल अलीकडचं-पलीकडचंही बघा.

पुराभिलेखागार म्हणजे नेमकं कुठे? आम्हाला आत सोडतात का?

सोडतात. ही जागा फक्त पीएच.डी. करणाऱ्यांची आहे, हा गैरसमज आहे. पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य ठिकाण मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मुंबई सरकारचं हे दप्तरखानं १८२१ चं. पुण्याचं पुराभिलेखागार म्हणजेच लोकांच्या तोंडचं "पेशवे दप्तर". १८९१ मध्ये बांधलेल्या त्या दगडी इमारतीत कोट्यवधी कागद आहेत, बहुतांश मोडी लिपीत. कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथेही कार्यालयं आहेत.

जाताना ओळखपत्र, छायाचित्र आणि कशासाठी शोधताय हे सांगणारा साधा अर्ज न्या. तिथे पुस्तकासारखं कपाटातून काढून घेता येत नाही. आधी सूची बघायची, मग मागणीपत्र भरायचं, मग रुमाल येतो. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. तो उघडून पहिल्यांदा हातात घेतला की दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची शाई आपल्यासमोर असते. मला अजूनही त्या क्षणी बोलवत नाही.

पेशवे दप्तरातला निवडक भाग छापलेला आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले. ते मोठ्या ग्रंथालयांत आणि ऑनलाइन मिळतात. राजकीय इतिहास हवा असेल तर आधी ते बघा.

कुणबी नोंद किंवा घराण्याची जुनी नोंद कुठे शोधायची?

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून हा प्रश्न रोजचा झाला आहे. त्याचं उत्तर कुठल्याही एका संकेतस्थळावर नाही, कारण अशा नोंदी निरनिराळ्या कार्यालयांत पडलेल्या आहेत. मी सांगतो तो क्रम असा. आधी शाळा : पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ ज्या शाळेत गेले तिचं जनरल रजिस्टर. मग तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष : गाव नमुना १४, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि जुने हक्क नोंदीचे कागद. त्यानंतर भूमी अभिलेख उपअधीक्षकांचं कार्यालय. तिथे टिपण, फाळणी, आकारफोड अशी मोजणीची कागदपत्रं असतात.

जाण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आडनाव पूर्वी वेगळं होतं का, मूळ गाव कुठलं, कुणी दत्तक गेलं होतं का, हे विचारून वंशावळ लिहा. जुन्या नोंदींत आडनाव नसून "राणोजी बिन तुकोजी" असं असतं. बिन म्हणजे मुलगा. वंशावळ हाताशी नसेल तर समोर आलेली नोंद आपलीच आहे हेही ओळखता येत नाही.

नोंद मोडीत आहे. वाचायची कशी?

जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. पण तत्पूर्वी मूळ नोंदीची साक्षांकित नक्कल मिळवा, कारण कार्यालयाला नुसतं लिप्यंतर चालत नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, विद्यापीठं आणि काही संस्थाही घेतात. गावातल्या एखाद्या तरुण मुला-मुलीने मोडी शिकली तर सगळ्या गावाचं काम होतं. मी हे वर्गात शिकून आलेल्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

१९३१ च्या जनगणनेत आमच्या आजोबांचं नाव आणि जात बघता येईल का?

नाही. छापील जनगणना अहवालांत आकडे असतात, माणसांची नावं नसतात. व्यक्तीची माहिती जनगणना अधिनियम, १९४८ नुसार गोपनीय राहते, ती माहितीच्या अधिकारातही मिळत नाही. गावपातळीवरचे आकडे मात्र उपयोगाचे आहेत. जिल्हा जनगणना पुस्तिका १९५१ पासून निघतात. त्यांत गावातली घरं, शाळा, पाण्याची सोय, रस्ता यांच्या नोंदी आहेत. जुने अहवाल भारताच्या महानिबंधकांच्या संकेतस्थळावर डिजिटल रूपात आहेत.

जुना सातबारा, फेरफार घरबसल्या मिळतो का?

चालू सातबारा महाभूलेखवर मोफत दिसतो, पण तो फक्त माहितीसाठी. कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढा. जुने स्कॅन केलेले सातबारे आणि फेरफार "आपले अभिलेख" या सेवेत आहेत. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात गट नंबरच लिहून थांबू नका, जुना सर्व्हे नंबर लिहा. जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण होण्यापूर्वीचे कागद सर्व्हे नंबरवरच आहेत.

गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म १ व १४ आहे.

सगळंच ऑनलाइन आहे, मग ग्रंथालयात कशाला जायचं?

सगळं ऑनलाइन नाही. आणि जे आहे तेही नव्या संकेतस्थळाबरोबर एका रात्रीत गायब होतं. ग्रंथालयातला बांधीव खंड जागेवर असतो.

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याने देशात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. हा कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे, फक्त कार्यालयीन वापरापुरती पुस्तकं वगळली आहेत.

पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. जुने प्रशासन अहवाल, जनगणना, दुष्काळ आयोग, शेती आणि सहकारावरचे अहवाल इथे आहेत आणि त्यांतले हजारो संस्थेच्या डिजिटल संग्रहात मोफत उघडतात. प्रादेशिक अनुशेषावर, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाच्या तुटीवर, बोलणाऱ्या प्रत्येकाने दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल एकदा तरी मुळातून वाचावा. वर्तमानपत्रांत त्याची दोन वाक्यंच फिरत असतात.

विधानसभेत कोण काय बोललं हे हवं असेल तर विधानमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तान्त बघा, संकेतस्थळावरही ते उपलब्ध होत आहेत. संसदेसाठी संसदेचं डिजिटल ग्रंथालय आहे. सरकारी खर्चाचं खरं चित्र हवं असेल तर महालेखापरीक्षकांचे, म्हणजे कॅगचे अहवाल वाचा.

आणि तालुक्याच्या गावातलं शंभर-दीडशे वर्षांचं वाचनालय विसरू नका. तिथल्या माळ्यावर जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन"चे जुने अंक असतात. ग्रंथपालांना थेट विचारा. सूचीत नसलेलं त्यांच्या डोक्यात असतं.

कुठेच मिळत नाही. माहितीच्या अधिकारात मागू का?

मागा, पण आधी त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर कलम ४ खालची माहिती बघा. १७ मुद्द्यांवरची माहिती त्यांनी आपणहून जाहीर करायची असते.

महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. प्रतीला पानामागे २ रुपये. अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत ठेवावा लागतो. मर्यादा जाचक वाटते, पण नेमका अर्ज लिहिला तर ५० शब्दही पुरतात. "माझ्या गावाच्या रस्त्याची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. लिहा : "अमुक विभागाचा अमुक तारखेचा शासन निर्णय, त्याच्या ‘वाचा’मधील क्र. १ ते ३ चे संदर्भ आणि संबंधित नस्तीतील टिपणीची छायांकित प्रत द्यावी." तारीख माहीत नसेल तर नस्तीचं अवलोकन मागा. प्रत्यक्ष बसून फाइल चाळता येते आणि हवी तीच पानं खुणा करून मागता येतात.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

"अभिलेख आढळून येत नाही" असं उत्तर आलं. आता काय?

एका कार्यालयातून मला स्वतःला हे उत्तर तीनदा आलं होतं. चौथ्या खेपेला कागद त्याच इमारतीत निघाला, फक्त दुसऱ्या शाखेच्या कपाटात. म्हणून एवढ्यावर थांबू नका.

सरकारी कागद कसाही फेकून देता येत नाही. त्याचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण होतं. "अ" वर्गातला कायम ठेवायचा असतो, "ड" वर्गातला थोड्याच काळात नष्ट करता येतो. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. तेव्हा नवा अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा : या नस्तीचं वर्गीकरण काय होतं, ती अभिलेख कक्षाकडे पाठवल्याची नोंद, आणि नष्ट केली असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीतलं ते पान. नष्ट केल्याची नोंद नसेल तर कागद असायलाच हवा, हे पहिल्या अपिलात ठामपणे मांडा. दरम्यान "प्रत"च्या यादीतल्या दुसऱ्या कार्यालयातही अर्ज करा. बहुधा तिथूनच तो येतो.

डाउनलोड केलेली पीडीएफ कोर्टात चालते का?

वकिलांना दाखवायला, अर्जाला जोडायला चालते. पुरावा म्हणून मात्र साक्षांकित नक्कल घ्या. सार्वजनिक दस्तऐवजाची अशी नक्कल मागण्याची तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ मध्ये आहे. नकलेवर अधिकाऱ्याचं नाव, पदनाम, तारीख आणि शिक्का आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी तपासा.

गोव्याचे जुने कागद?

पणजीच्या पुराभिलेख खात्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. दियोगो द कूतू हे त्या दप्तराचे पहिले रक्षक. पोर्तुगीज राजवटीचं राजपत्र "बोलेतीम" १८३७ पासून निघालं. पाट्टो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं आहे, तिथेही जुने अंक बघायला मिळतात. भाषा पोर्तुगीज, पण गावकारीच्या (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) जुन्या दप्तरांत मोडी आणि मराठीही भेटते. १९६१ नंतरचं गोव्याचं राजपत्र ऑनलाइन आहे.

मी परदेशात आहे. इथून काय करता येईल?

राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" हे संकेतस्थळ नोंदणी करून मोफत वापरता येतं. मुंबई इलाख्याचा लंडनशी झालेला पत्रव्यवहार, इंडिया ऑफिसचे कागद, ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लंडनमध्ये असाल तर वाचकपत्र काढा. २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिथल्या ऑनलाइन सेवा विस्कळीत झाल्या होत्या, म्हणून जाण्याआधी हवा तो खंड उपलब्ध आहे का ते विचारून घ्या. तहसीलमधली नोंद मात्र गावातल्या माणसालाच काढावी लागेल. त्याला अधिकारपत्र, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि जुना सर्व्हे नंबर पाठवा. वंशावळही पाठवा, आणि तिची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवायला सांगा. पुढच्या पिढीतला कुणीतरी तीच शोधत येणार आहे.